स्वायत्त यंत्रांचे शिक्षण आणि औंढ्याचा रस्ता

बोरघाट चढून लोणावळ्याच्या माथ्यावर आलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग मावळ तालुक्यातील औंढे गावाजवळून पुढे मळवली-कामशेतच्या दिशेने जातो. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस, बघता बघता उतरणारे धुके आणि या दोहोंची पर्वा न करता धावणारे मालट्रक यांमुळे पावसाळ्यात या पट्ट्यात वाहन चालवणे मुरलेल्या चालकालाही जड जाते. हेच काम यंत्रावर सोपवायचे ठरवले, तर त्या यंत्राला काय काय दिसावे लागेल, काय काय समजावे लागेल आणि कोणता निर्णय किती वेळात घ्यावा लागेल, या प्रश्नांची पद्धतशीर उत्तरे शोधणारी विद्याशाखा म्हणजे रोबोटिक्स आणि स्वायत्त प्रणाली. अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर दोन वर्षांच्या एम.टेक.साठी हा विषय निवडण्याकडे ओढा वाढला असला, तरी त्यात नेमके काय शिकवले जाते याविषयी पालकांच्या आणि पुष्कळदा खुद्द विद्यार्थ्यांच्याही कल्पना धूसर असतात.

या विषयात स्वयंचलित आणि स्वायत्त यांतला भेद पायाभूत मानला जातो. चाकणच्या मोटार कारखान्यात वेल्डिंग करणारा यांत्रिक हात स्वयंचलित असतो. त्याला आखून दिलेली हालचाल तो दिवसभर न थकता करतो, परंतु समोरचा पत्रा दोन सेंटिमीटर सरकला आणि त्याला तो पाहण्याची सोय दिलेली नसली, तर तो चुकीच्या जागी तितक्याच निष्ठेने वेल्डिंग करीत राहतो. बजाज ऑटोने २०१० पासून चाकणला माणसाच्या शेजारी, कुंपणाविना काम करू शकणारे सहकारी रोबो आणले, तेव्हा माणसाचा धक्का लागताच थांबण्याइतकी जाणीव यंत्राला द्यावी लागली. स्वायत्त प्रणाली याच्याही पुढे जाते. भोवतालची परिस्थिती आधीपासून ठाऊक नसताना तिने ती स्वतः पाहावी, तिचा अर्थ लावावा, कृती ठरवावी आणि कृतीचा परिणाम पाहून पुढची कृती सुधारावी, अशी अपेक्षा असते.

स्वायत्ततेलाही पायऱ्या असतात, हे पुण्याजवळच तयार झालेल्या दोन यंत्रांवरून स्पष्ट होते. दिघी येथील डीआरडीओच्या संशोधन व विकास आस्थापनेने, म्हणजे आर अँड डीई (इंजिनिअर्स) या प्रयोगशाळेने, बॉम्ब निकामी करण्यासाठी ‘दक्ष’ नावाचे चाकांचे यंत्र विकसित केले आणि २०११ मध्ये ते लष्कराच्या हाती पडू लागले. हे यंत्र जिने चढते, संशयित वस्तूचे क्ष-किरण चित्र घेते आणि पाण्याच्या प्रखर झोताने तिचे भाग विलग करते. मात्र कुठे जायचे आणि झोत केव्हा सोडायचा, हे दूर अंतरावर सुरक्षित बसलेला जवान ठरवतो. म्हणजे दक्ष हा दूरनियंत्रित रोबो आहे. याच प्रयोगशाळेने आयडियाफोर्ज या कंपनीबरोबर सिद्ध केलेला ‘नेत्र’ हा छोटा ड्रोन एक पायरी वर आहे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचा ड्रोन ‘थ्री इडियट्स’ चित्रपटामुळे घरोघरी पोहोचला आणि २०१३ च्या उत्तराखंडमधील प्रलयात अडकलेल्यांच्या शोधासाठी नेत्र प्रत्यक्ष वापरला गेला. जमिनीवरील नियंत्रकाशी संपर्क तुटला तर कोणाची वाट न पाहता उड्डाणाच्या जागी परतण्याचा निर्णय नेत्र स्वतः घेतो. मोटारींसाठी अशा पायऱ्यांचे सर्वमान्य कोष्टक २०१४ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने प्रसिद्ध केले. त्यात शून्य ते पाच असे सहा स्तर असून, दुसऱ्या स्तरापर्यंत यंत्र सुकाणू आणि वेग सांभाळत असले तरी जबाबदारी चालकाचीच राहते, तर चौथ्या स्तरावर ठरवून दिलेल्या मर्यादित क्षेत्रात माणसाची गरजच उरत नाही. भारतात आज विकल्या जाणाऱ्या महागड्या मोटारींत ‘अ‍ॅडास’ या नावाने जी चालक-साहाय्य प्रणाली मिळते, ती दुसऱ्या स्तराच्या पुढची नाही. जाहिरातींतील भाषेवरून मात्र तसे वाटत नाही.

अभ्यासक्रमाचा पहिला मोठा भाग आकलनाचा, म्हणजे सेन्सरांकडून आलेल्या माहितीतून भोवतालचे चित्र उभे करण्याचा असतो, आणि औंढ्याच्या धुक्यात त्याची खरी परीक्षा होते. कॅमेरा रंग आणि आकार ओळखण्यात तरबेज असतो, पण धुक्यात माणसाच्या डोळ्याची जी गत होते तीच त्याची होते. लिडार हे उपकरण अदृश्य लेसर किरणांचे ठोके सोडून ते परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर मोजते आणि निरभ्र हवेत सेंटिमीटरपर्यंत अचूक उत्तर देते. धुक्याचे थेंब मात्र त्या किरणांच्या तरंगलांबीहून मोठे असल्यामुळे प्रकाश थेंबांवरूनच मागे फिरतो आणि यंत्राला मोकळ्या रस्त्यावर भिंत उभी असल्याचा भास होऊ शकतो. मोटारीतील रडारचे तरंग सुमारे चार मिलिमीटर लांबीचे असतात. धुक्याचा थेंब त्यांच्यापुढे इतका क्षुद्र असतो की ते जवळजवळ विनाअडथळा पलीकडे जातात, आणि समोर किती अंतरावर, किती वेगाने काही धातूचे चालले आहे हे रडार बिनचूक सांगते. ते काय आहे हे सांगण्यात मात्र ते कच्चे असते. साध्या रडारला उंचीतील फरक नीट कळत नसल्याने रस्त्यावरून आडवा गेलेला पूल आणि त्याच पुलाखाली बंद पडलेला ट्रक यांत त्याची गल्लत होण्याची शक्यता राहते. पुलाला ट्रक समजून यंत्राने विनाकारण जोरात ब्रेक दाबला, तर मागून येणारा टँकर आदळतो. ट्रकला पूल समजून ब्रेक दाबलाच नाही, तर काय होते हे सांगण्याची गरज नाही.

प्रत्येक सेन्सर कुठे ना कुठे चुकतो हे एकदा मान्य केले की परस्परविरोधी साक्षींतून सर्वांत विश्वासार्ह निष्कर्ष कसा काढायचा, हा प्रश्न उभा राहतो, आणि या शास्त्राचे मर्म तेथेच आहे. रुडॉल्फ कालमन या गणितज्ञाने १९६० मध्ये मांडलेली आणि पुढे अपोलो चांद्रयानांच्या दिशादर्शनासाठी वापरली गेलेली कालमन फिल्टर ही पद्धत प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावीच लागते. तिचा गाभा अगदी लहान आकड्यांतही दाखवता येतो. एखाद्या मोटारीच्या चाकांच्या फेऱ्यांवरून ती ठरावीक खुणेपासून १०० मीटर पुढे आली आहे असा हिशेब निघतो आणि त्या हिशेबात साधारण २ मीटरची चूक संभवते. त्याच क्षणी उपग्रहाकडून येणारे स्थान १०६ मीटर असे आहे आणि त्यात साधारण ४ मीटरची चूक संभवते, असे समजावे. दोहोंची साधी सरासरी काढली तर १०३ येते, पण ती अन्यायकारक ठरते, कारण त्यात कमी भरवशाच्या साक्षीदारालाही सारखेच वजन मिळते. कालमनच्या रीतीने वजन चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात द्यायचे असते. ४ आणि १६ या वर्गांमुळे चाकांच्या हिशेबाला उपग्रहाच्या चौपट वजन मिळते आणि उत्तर १०१.२ मीटर असे येते. विशेष म्हणजे या एकत्रित उत्तरातील संभाव्य चूक सुमारे १.८ मीटर, म्हणजे दोन्ही साक्षीदारांच्या स्वतंत्र चुकांपेक्षा कमी असते. कमी भरवशाची माहितीसुद्धा योग्य वजनाने वापरली तर ज्ञानात भर घालते, हे या गणिताचे सांगणे आहे, आणि हा हिशेब यंत्रात सेकंदाला अनेकदा होत असतो.

हाच हिशेब कामशेतच्या बोगद्यात शिरल्यावर अवघड होतो. डोंगराखाली उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही आणि मोटार एकट्या चाकांच्या साक्षीवर अवलंबून राहते. चाकांच्या मोजणीत शेकडा एकची चूक धरली, तर एक किलोमीटरनंतर ती १० मीटर होते, आणि आपण नेमके कुठे आहोत याची यंत्राची शंका मीटरागणिक वाढत जाते. त्यावर उपाय म्हणून बोगद्यातील दिवे, भिंतीवरील फलक, कडेचे कठडे अशा स्थिर खुणा ओळखून त्यांवरून स्थान सुधारून घेतले जाते. नकाशा उपलब्धच नसेल तर यंत्राला नकाशा आखत आखत त्याच नकाशावर स्वतःची जागा शोधावी लागते. हा पेच ‘स्लॅम’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो आणि त्यावर आजवर असंख्य प्रबंध लिहिले गेले आहेत.

आकलन आणि स्थाननिश्चिती यांनंतर नियोजन व नियंत्रण येते. नियंत्रणशास्त्राची मुळे समुद्रात आहेत. जहाजाचे सुकाणू धरणारा अनुभवी खलाशी आताचे विचलन, आजवर साचलेले विचलन आणि विचलन बदलण्याचा वेग या तिन्हींचा अंदाज घेऊन चाक फिरवतो, हे निरीक्षण निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने १९२२ मध्ये गणितात बांधले आणि त्यातून निघालेला पीआयडी नियंत्रक आजही कारखान्यांपासून ड्रोनपर्यंत सर्वत्र काम करतो. जेथे १९४५ पासून नौदलाच्या अभियंत्यांना प्रशिक्षण दिले जाते, ती आयएनएस शिवाजी ही संस्था लोणावळ्यातच आहे. त्यामुळे जहाजाची यंत्रे हा या परिसराला परका विषय नाही. पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या कंपनीची ‘मातंगी’ ही मानवरहित नौका ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईहून तुतिकोरीनकडे सुमारे १,५०० किलोमीटरच्या स्वायत्त प्रवासास निघाली, तेव्हा मिनोर्स्कीच्या खलाशाचे काम एका यंत्राकडे आलेले होते.

नियोजनाची बाजू एका साध्या उदाहरणाने समजते. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. ओल्या रस्त्यावर मोटारीचा वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी करता येतो असे धरले, तर या वेगावरून पूर्ण थांबण्यास सुमारे ९६ मीटर लागतात, आणि अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत यंत्राने अर्धा सेकंद घेतला तर आणखी १४ मीटर. धुक्यामुळे कॅमेऱ्याला ३० मीटरच दिसत असतील, तर हेच समीकरण उलट सोडवून वेगाची मर्यादा काढता येते, आणि ती ताशी ५० किलोमीटरच्या किंचित खाली येते. उतार असेल तर आणखी कमी. स्वायत्त मोटारीच्या नियोजकाला हे क्षणोक्षणी करावे लागते. जितके दिसते तितक्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा हा नियम माणसालाही लागू आहे, पण घाटातील धुक्यात तो पाळणारे चालक थोडेच. यंत्राचा मोठेपणा शोधायचा असेल तर तो येथे सापडतो: त्याला घाई नसते आणि मागच्याचा हॉर्न त्याच्या मनाला लागत नाही.

तरीही घाटरस्त्यावर असे काही घडते की ज्याचे समीकरण आधी मांडून ठेवता येत नाही. आडोशी बोगद्याजवळ २०१५ आणि २०२३ च्या जुलैमध्ये दरडी कोसळल्या. जुन्या महामार्गावरून कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या दर्शनाला मुंबई-रायगडकडचे कोळी आणि आगरी भाविक पालख्या घेऊन पायी येतात. निशाणे, ढोल आणि खांद्यावरची पालखी असा समूह पाहून यंत्राने त्याला काय समजावे? यंत्र दृश्ये ओळखण्यास शिकते ते माणसांनी नावे लावलेल्या हजारो चित्रांवरून, आणि जगभर वापरला जाणारा ‘सिटीस्केप्स’ हा २०१६ चा चित्रसंग्रह मुख्यतः जर्मन शहरांतला आहे. त्यातल्या रस्त्यांना आखीव पट्टे आहेत, त्यात रिक्षा नाही आणि रस्त्याच्या मधोमध बसलेली म्हैसही नाही. ही उणीव ओळखून हैदराबादच्या आयआयआयटीने हैदराबाद-बंगळूर परिसरातील सुमारे १०,००० चित्रांचा भारतीय संग्रह तयार केला. त्यात ३४ वर्ग असून रिक्षा आणि जनावरे यांना स्वतंत्र स्थान आहे. शिवाय रस्ता नसला तरी प्रसंगी ज्यावरून गाडी नेता येते अशा मातीच्या कडेलाही त्यात वेगळे नाव दिलेले आहे. सह्याद्रीतला पाऊस, धुके आणि घाट यांचा असा संग्रह तयार करणे हे एखाद्या मराठी विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे उत्तम काम होऊ शकते, आणि त्यासाठी परदेशी प्रयोगशाळेची गरज नाही. कॅमेरा, मोटार आणि एक पावसाळा पुरतो.

हे सर्व शिकण्याची सोय औंढ्यापासून फार लांब नाही. खडकवासल्याजवळच्या गिरिनगर येथील संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्था, म्हणजे डायट, ही १९५२ मध्ये शस्त्रास्त्रविद्येची प्रशिक्षण संस्था म्हणून सुरू झाली, २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि तेथे रोबोटिक्समधील एम.टेक. लष्करी अधिकाऱ्यांप्रमाणेच गेट परीक्षा दिलेल्या नागरी विद्यार्थ्यांनाही खुले आहे. आयआयटी मुंबईत सिस्टीम्स अँड कंट्रोल हा विभाग नियंत्रणशास्त्राच्या गणितासाठी ओळखला जातो, आणि तेथील विद्यार्थ्यांनी घडवलेले ‘मत्स्य’ हे पाण्याखाली स्वतः मार्ग काढणारे यान अमेरिकेतील रोबोसब स्पर्धेत उतरत आले आहे. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांची परंपरा पुण्यालाही आहे. आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात २००८ आणि २०१४ अशी दोनदा झाली, आणि पहिल्या खेपेला तिचा विषय चक्क दहीहंडी होता. गेटद्वारे एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. पुण्यात राहण्याचा खर्च पाहता ती तुटपुंजी आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. परदेशात ब्रिटनमधील विद्यापीठांत हाच अभ्यासक्रम बहुधा एका वर्षात उरकला जातो, तर १९७९ मध्ये स्थापन झालेल्या कार्नेगी मेलनच्या रोबोटिक्स इन्स्टिट्यूटसारख्या अमेरिकी संस्थांत संशोधनाला अधिक वेळ मिळतो. एक वर्षाच्या पदवीत नोकरीपुरते ज्ञान मिळते, पण यंत्र बनवून, ते बिघडवून, पुन्हा दुरुस्त करण्याइतकी उसंत क्वचितच मिळते.

या विषयाची खरी अडचण तो कोणत्याही एका शाखेचा नसण्यात आहे. यांत्रिकी शाखेतून आलेल्याला सांधे, बल आणि गती यांचे गणित ओळखीचे असते, परंतु संभाव्यता आणि संगणकाचे प्रोग्राम लिहिणे त्याला जड जाते. संगणकशास्त्रातून आलेला चित्र ओळखणारे जाळे एका रात्रीत चालवून दाखवतो, पण दोन टनांची मोटार ओल्या वळणावर का घसरते याचे उत्तर त्याच्याकडे नसते. पहिले सत्र बहुतेकांचे ही दरी बुजवण्यात जाते आणि रेषीय बीजगणित, संभाव्यताशास्त्र आणि नियंत्रणशास्त्र या तिन्हींपैकी एकात कच्चा राहिलेला विद्यार्थी पुढे तयार सॉफ्टवेअर जोडण्यापलीकडे सहसा जात नाही. आरओएस नावाची मुक्त सॉफ्टवेअर व्यवस्था आज जगभर वापरली जाते आणि तिच्यामुळे आठवडाभरात रोबो हलता करता येतो. तो चुकला की का चुकला, हे मात्र गणितच सांगते. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने २००४ मध्ये वाळवंटात घेतलेल्या स्वायत्त मोटारींच्या पहिल्या शर्यतीत सुमारे २४० किलोमीटरपैकी सर्वांत पुढे गेलेली मोटार १२ किलोमीटरही पार करू शकली नाही, आणि दुसऱ्याच वर्षी पाच मोटारींनी अंतिम रेषा गाठली. या फरकात नव्या यंत्रसामग्रीपेक्षा अनिश्चिततेचे गणित नीट हाताळण्याचा वाटा मोठा होता.

नोकरीचा प्रश्न पालकांच्या मनात पहिला असतो, म्हणून त्याविषयी थोडक्यात. चालकविरहित मोटारींना भारतात परवानगी देणार नाही, कारण त्यामुळे चालकांचा रोजगार जाईल, अशी भूमिका केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वेळोवेळी घेतली असून डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातही तिचा पुनरुच्चार केला. त्यामुळे नजीकच्या काळात या विषयातील पुण्याकडचे काम चालक-साहाय्य प्रणाली, कारखान्यांतील रोबो, संरक्षण आणि ड्रोन यांत राहील, आणि ते पुरेसे आहे. मावळातच टाकवे येथे एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था अशा साहाय्यक प्रणालींच्या चाचण्यांची सोय उभारत आली आहे. ड्रोनच्या बाबतीत २०२१ च्या नियमांनी परवानग्यांचे जंजाळ बरेच कमी केले. तरी लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही, आणि नौदलाची संस्था शेजारी असलेल्या लोणावळा परिसरात प्रयोग करू पाहणाऱ्याने सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरील नकाशा आधी पाहणे त्याच्या हिताचे आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेचे माहितीपत्रक वाचणे पुरेसे नाही. त्या विभागात मागील दोन-तीन वर्षांत सादर झालेले एम.टेक. प्रबंध ग्रंथालयात मागावेत आणि त्यांतील निष्कर्ष संगणकावरील आभासी रोबोवर काढलेले आहेत की प्रत्यक्ष यंत्र बाहेर नेऊन, हे तपासावे. मार्गदर्शक प्राध्यापकांना भेटून त्यांच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत आणि प्रयोगशाळेतील यंत्र बिघडले तर ते कोण दुरुस्त करते, हेही विचारावे. दुसरे वर्ष संपूर्ण प्रबंधाचे असल्यामुळे या प्रश्नांची उत्तरे पदवीच्या नावापेक्षा महत्त्वाची ठरतात, आणि जो विभाग आपले जुने प्रबंध वाचायला देण्यास कां-कूं करतो, तेथे प्रवेश घेऊ नये.